अर्धं सांगितलं की काय होतं

संध्याकाळची वेळ आहे. कुणाची चूल पेटलीय, कुणी लेकराला मांडीवर घेऊन बसलंय. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडं ठेवा.

आज कॅन्सरबद्दल बोलायचं आहे. बचतगटाच्या बैठकीत हा शब्द काढला की कुणीतरी "नको माय ते नाव" म्हणतं आणि एखादी हळूच उठून पाणी प्यायला जाते. तुम्ही उठू नका. मी भीती घालायला आलेली नाही. भीती घालण्याची चूक मी एकदा केलेली आहे, ती सांगूनच सुरुवात करते.

मी आरोग्य सेविका म्हणून किनवट तालुक्यात फिरायला लागले तेव्हाची गोष्ट. एका वस्तीवर बचतगटाची बैठक होती. मी नवीन, उत्साह मोठा. चित्रांचा तक्ता उघडला आणि सांगितलं, "अंगावरून सारखं पांढरं जात असेल तर अंगावर काढू नका. ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं." बाया गप्प झाल्या. मला वाटलं, चांगलं पोचलं. तेवढ्यात एसटीची वेळ झाली आणि मी तक्ता गुंडाळून निघाले. तपासणी कुठं होते, किती वेळ लागतो, पैसे लागतात का, पांढरं जायची दुसरी कारणं काय, यातलं एक अक्षर बोलले नाही.

तीन-चार महिन्यांनी परत गेले तर त्याच बैठकीतली एक बाई पोटाला फडकं बांधून ओट्यावर बसलेली. वय बत्तीस-तेहतीस. म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणलात तसंच व्हतं. डॉक्टर म्हणला, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर व्हतोय. काढून टाकली." शेळ्या विकल्या होत्या, वर गटाचं कर्ज. मी विचारलं, काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, रिपोर्ट आहे का? तिनं पिशवीतून बिलाची चिठ्ठी काढून दाखवली. दुसरा कागद नव्हता.

दवाखान्याचं नाव मी घेणार नाही, आणि सगळा दोष त्याच्यावरही टाकणार नाही. तिला तिथवर पाठवलं ते माझ्या अर्ध्या वाक्यानं.

पुढं २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांची बातमी सगळ्या पेपरांत आली, तेव्हा मला ती बाई आठवली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या. कारणं बरीच होती. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. त्यात भर पडली एका वाक्याची: "काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल." कमी वयात पिशवी गेली आणि तिच्याबरोबर अंडाशयही गेले, की हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, कंबर धरते. पांढरं जाणं थांबावं म्हणून गेलेली बाई दुसरीच दुखणी घेऊन घरी येते.

म्हणून आता नीट, पहिल्यापासून सांगते.

अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं असतं. खाज येते, वास येतो, दही फाटल्यासारखं जातं. त्याला गोळ्या आहेत आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पाळीच्या आधी किंवा दोन पाळ्यांच्या मधे थोडं पातळ, बिनवासाचं जाणं हा तर आजारच नाही. काळजी करण्यासारखं आहे ते रक्त. पाळी नसताना रक्त जाणं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसणं, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर जाणं, किंवा घाण वासाचं, रक्ताळलेलं पाणी जाणं. यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. तरीही ते कॅन्सरच असेल असं नाही. बघून घ्यायचं, एवढंच.

आता हा कॅन्सर होतो कुठं? गर्भपिशवी उलट्या टांगलेल्या भोपळ्यासारखी धरा. तिचा खालचा निमुळता भाग, ज्यातून बाळ बाहेर येतं, ते पिशवीचं तोंड. हा कॅन्सर त्या तोंडाला होतो. एचपीव्ही नावाचा एक विषाणू असतो, तो याच्या मुळाशी आहे. नवरा-बायकोच्या संबंधातून तो येतो. इथं बाया एकमेकींकडं बघायला लागतात, म्हणून स्पष्ट सांगते. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार केलेल्या बहुतेक बाई-माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन गेलेला असतो. सर्दी येते-जाते तसा दोन-एक वर्षांत आपोआप निघूनही जातो. पुरुषाच्या अंगात असला तरी त्याला बहुधा कळत नाही. त्यामुळं कुणाला हा कॅन्सर झाला म्हणून तिच्या चालीवर बोट ठेवू नका, आणि नवऱ्याशी भांडायलाही उठू नका. थोड्या बायांच्या अंगात मात्र तो विषाणू मुक्काम ठोकतो. तिथली कातडी हळूहळू बदलते. बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात.

हा दहा-पंधरा वर्षांचा काळ लक्षात ठेवा. या काळात बाईला काही म्हणता काही होत नाही. ती कापूस वेचते, तेंदूपत्ता तोडते, मोहफुलं गोळा करते, लेकीचं लग्न करते. दुखत नाही, खुपत नाही. आणि नेमका याच काळात हा आजार दहा-पंधरा मिनिटांच्या कामात मुळातून थांबवता येतो. मला काही होतच नाही, मग मी तपासायला कशाला जाऊ, हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारतात. काही होत नाही तेव्हाच जायचं असतं, हे त्याचं उत्तर.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. यातली निम्मी विद्या आपल्या मराठवाड्याच्या मातीतून जगाला गेलेली आहे आणि आपल्यालाच ते ठाऊक नाही.

सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आपल्या उंबऱ्यावरच आहे. तिथं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. तोवर कॅन्सरची नोंद व्हायची ती मुंबईसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत. खेड्यातली बाई घरच्या बाजेवरच जायची, मग तिची नोंद कुणी करायची? डॉ. भगवान नेने, मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी ठरवलं की नोंदवहीच गावात न्यायची. कार्यकर्ते गावोगाव फिरले. बायांमध्ये सगळ्यांत जास्त नोंदी निघाल्या त्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या.

पण नोंद घ्यायला गेलेला माणूस नुसतं विचारून परत कसा येईल? ते लोक गावात बसून लक्षणं सांगायचे, असं काही असेल तर बार्शीला या म्हणायचे. गावाला त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. काही वर्षांत असं दिसलं की पूर्वीपेक्षा जास्त बाया आजार पुढं जायच्या आत दवाखान्यात यायला लागल्या आहेत. १९९५ साली हे शोधनिबंधात छापून आलं. मोठं यंत्र आलं नव्हतं की नवीन औषध आलं नव्हतं. बोलणं झालं होतं, आणि बोलणाऱ्याला कुठं पाठवायचं ते ठाऊक होतं.

यापुढचं मोठं काम झालं उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवला. १९९९ साली सुरू झालं. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बाया त्यात होत्या. आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. गावांचे ५२ गट केले आणि ते चार भागांत वाटले. एका भागातल्या बायांची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली. दुसऱ्या भागात पॅप तपासणी, म्हणजे तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन बघतात ती. तिसऱ्या भागात व्हाया, म्हणजे औषध लावून डोळ्यांनी बघायची तपासणी. चौथ्या भागातल्या बायांना कॅन्सरची माहिती दिली आणि तपासणी कुठल्या दवाखान्यात होते ते सांगितलं, बस.

आठेक वर्षं या सगळ्या बायांवर लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल आला. नुसती माहिती मिळालेल्या साधारण साडेएकतीस हजार बायांपैकी ६४ जणी या कॅन्सरनं गेल्या. विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या चौतीस हजार बायांपैकी ३४ गेल्या. आयुष्यात एकदा झालेल्या तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी हे आकडे वाचले, आणि ते आकडे म्हणजे धाराशिवच्या बाया आहेत.

चौथ्या भागातल्या बायांना तपासणी का दिली नाही, यावरून पुढं वाद झाला. मला विचाराल तर तो वाद रास्तच होता. त्या ६४ जणींमागं ६४ घरं होती. पण त्यांनी आपल्याला एक गोष्ट दाखवून ठेवली आहे. "दवाखान्यात तपासणी होते, जा" असं सांगून बाई जात नाही. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत कोण येणार, सासू काय म्हणेल, आणि अंगावरचं लुगडं परक्या माणसासमोर सोडायची लाज. मी त्या वस्तीवर जे केलं ते या चौथ्या भागापेक्षाही वाईट होतं. मी तर पत्ताही सांगितला नव्हता.

ज्या बायांच्या तोंडावर बदल दिसला त्यांना पुढं दुर्बिणीनं तपासलं आणि जिथं गरज होती तिथं उपचार केले, हेही लक्षात घ्या. तपासणी केली आणि रिपोर्ट आणायला गेलीच नाही, तर त्या तपासणीचा काही उपयोग नाही. आपल्याकडं शिबिरं होतात, फोटो निघतात, आणि ज्या चार-पाच जणींना परत बोलावलेलं असतं त्या ऊसतोडीला निघून गेलेल्या असतात. गटानं खरं काम करायचं तर इथं करावं. कुणाला परत बोलावलंय याची यादी ठेवायची आणि ती जाऊन येईपर्यंत तिची पाठ सोडायची नाही.

व्हाया तपासणी कशी असते ते सांगते, कारण धास्ती तिचीच जास्त असते. बाळंतपणाच्या वेळी झोपतो तसं झोपायचं. नर्सबाई एक छोटं साधन आत घालून पिशवीचं तोंड दिसेल असं करते. कापसाच्या बोळ्यानं पातळ ॲसिटिक ॲसिड लावते. आपण चायनीजच्या गाड्यावर व्हिनेगर बघतो ना, तीच जात. थोडं चुरचुरल्यासारखं होतं. मिनिटभर थांबतात. बदललेली कातडी असेल तर तेवढा भाग पांढरा पडतो, नसेल तर जसंच्या तसं. झालं. सुई नाही, टाका नाही, रक्त काढायचं नाही. पांढरा डाग दिसला तर तो कॅन्सर नव्हे, कॅन्सर होऊ शकेल अशी जागा. ती बर्फासारखी गार करून किंवा उष्णतेनं भाजून काढतात. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. पिशवी जागच्या जागी राहते.

ही तपासणी करायला मोठा डॉक्टरच लागतो असंही नाही. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायांमध्ये असंच काम केलं. तिथं दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून तयार केलं आणि त्यांनीच दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, व्हाया तपासणी केली. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. धाराशिवला व्हाया एकदाच केली होती, तिथं एवढा फरक दिसला नव्हता. म्हणजे एकदा करून "झालं माझं" म्हणायचं नाही. सरकारी नियम तीस वर्षांपुढं दर पाच वर्षांनी करायचा आहे. पोराच्या शाळेच्या दाखल्यासारखा तो कागद जपून ठेवा.

स्तनांचं थोडक्यात सांगते, त्यावर वेगळा कार्यक्रम होईल. मुंबईच्या त्याच कामात त्याच शिकवून तयार केलेल्या बायांनी हातानं स्तनही तपासले. पन्नाशीपुढच्या बायांमध्ये मृत्यू तिशीएक टक्क्यांनी कमी झाले. त्याला यंत्र लागलं नाही. आंघोळीच्या वेळी गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

आता तोंडाकडं येते, आपल्या खऱ्या तोंडाकडं. मगाशी कितीजणी दात घासता घासता ऐकत होत्या? मिसरी लावल्याशिवाय परसाकडं होत नाही, डोकं दुखतं, हे मला ठाऊक आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दंतमंजन म्हणून लावलं तरी ती तंबाखूच राहते. आणि आपल्या किनवट-माहूर पट्ट्यात, यवतमाळ पलीकडंच असल्यामुळं, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोळून घोळून केलेला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानटपरीवर समोरच घोटून देतात. एकटी सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. "मी तंबाखू खात नाही माय, नुसती सुपारी" असं सांगणाऱ्या बाया मी पुष्कळ बघितल्यात.

घरबसल्या एक बघता येतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. जात नसतील, तर तोंड आखडायला लागलंय. उजेडात आरसा घेऊन गाल ओढून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट अजिबात सहन न होणं, यातलं काही दिसलं तर दाखवा. घरातल्या गड्यांचंही बघा. ते स्वतः बघणार नाहीत.

आणि एक. पोराच्या हातात दहाची नोट देऊन "जा, बापाचा खर्रा घेऊन ये" असं कोण कोण म्हणतं? हात वर करू नका, मला दिसत नाही. अठरा वर्षांखालच्या पोराला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत टपरी ठेवणंही गुन्हा आहे. सलाम मुंबई फाउंडेशनसारख्या संस्था राज्यातल्या शाळांसोबत तंबाखूमुक्त शाळेचं काम करतात, शाळांच्या भिंतींवर तसं लिहिलेलं तुम्ही बघितलं असेल. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेनं सरकारसोबत मुक्तिपथ नावाचं काम २०१६ मध्ये सुरू केलं, दारू आणि तंबाखू कमी करायचं. तिथं गावच्या बाया संघटनेनं पुढं झाल्या. पोरगं शाळेत सकाळी तंबाखूविरुद्ध शपथ घेतं आणि संध्याकाळी त्याच हातानं घरी पुडी आणतं, मग ते कुणाचं खरं मानणार? शाळा व्यवस्थापन समितीवर आपल्यातल्या बाया असतात. मुख्याध्यापकांना विचारा, शाळेसमोरची टपरी किती पावलांवर आहे? मोजायला पोरांनाच लावा. त्यांना मजा येते, आणि गणितही होतं.

शाळेचा विषय निघालाच आहे तर लशीचं सांगते. या एचपीव्ही विषाणूवर लस आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना, म्हणजे विषाणूशी गाठ पडायच्या आधी, दिली तर तिचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही आली आहे. पण ही लस म्हटली की कुणीतरी म्हणतंच, "त्या इंजेक्शननं आंध्रात पोरी मेल्या." हे बोलणं उडवून लावू नका. त्यामागं घडलेलं आहे.

२००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत एका प्रकल्पात मुलींना ही लस दिली गेली. खम्ममच्या पुष्कळ मुली आदिवासी, आश्रमशाळांत राहणाऱ्या. दोन्ही ठिकाणी मिळून सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांची कारणं लशीखेरीज वेगळी निघाली. पण चौकशीत दुसरंही निघालं. कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांच्या सह्याच नव्हत्या, वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या होत्या. २०१३ साली संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. आपल्याकडंही आश्रमशाळा आहेत, गोंड, कोलाम, आंध घरांतल्या लेकी तिथं शिकतात, म्हणून हे मला जवळचं वाटतं. आईला न विचारता लेकीच्या दंडाला सुई लावली, मग ती सुई कितीही चांगली असो, पुढची दहा वर्षं तिथल्या लोकांचा विश्वास बसत नाही.

याच प्रकरणामुळं २०१० साली सरकारनं देशातले असे सगळे अभ्यास थांबवायला लावले. तेव्हा दुसराच एक अभ्यास चालू होता. त्यात बार्शी होती, पुणं होतं, आणखीही गावं होती. काही मुलींना तीन आणि काहींना दोन डोस द्यायचे ठरले होते. अचानक थांबल्यामुळं जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. काम अर्ध्यावर राहिलं म्हणून डॉक्टर हळहळले असतील, पण त्यांनी त्या मुलींची विचारपूस सोडली नाही. पुढं दहा वर्षांनी दिसलं की एका डोसनंही तेवढंच संरक्षण मिळालेलं आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोस पुरतो असं म्हटलं, त्याच्या आधाराला हाही अभ्यास होता. मला ही गोष्ट नेहमी नवलाची वाटते. एकीकडं न विचारता टोचलं म्हणून सगळं थांबलं, आणि थांबलं म्हणून गरिबाच्या लेकीला परवडेल असा एक डोस सापडला.

तेव्हा शाळेत लशीचा कागद आला तर रागानं फाडू नका आणि न वाचता अंगठाही देऊ नका. लस कुणाला, कुठल्या वयाला, कुठं मिळतेय ते आरोग्य सेविकेला विचारा, पालकसभेत विचारा. गोंडी, कोलामी, बंजारा, तेलगू, घरात जी भाषा बोलता त्या भाषेत कुणी तरी समजावून सांगावं असा हट्ट धरा. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच. लस सगळ्या जातींच्या विषाणूंवर चालत नाही.

आता जायचं कुठं? हे न सांगता मी आज एसटी धरणार नाही. आशाताई तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरते, त्यात तंबाखूबद्दल आणि लक्षणांबद्दल प्रश्न असतात. खरं सांगा, लपवू नका. तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड, तिन्हीची तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट आहे. आधी उपकेंद्रात विचारा, तिथं नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात. कुठल्या दिवशी तपासणारी बाई असते ते आधी आशाताईकडून कळवून घ्या, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. एकटी जाऊ नका, चौघी-पाचजणी मिळून जा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. पुढं जायची वेळ आली तर नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. टाटाला जाणाऱ्या कितीतरी घरांना तर आपली नंदीग्राम एक्स्प्रेस ओळखीची झालेली आहे. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत भाड्याची सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा दाखला मागून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचार बसतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. कुणी "पिशवी काढायची" म्हटलं तर "आधी तपासणीचा कागद द्या" म्हणा, आणि तो कागद घेऊन दुसऱ्या, सरकारी डॉक्टरला दाखवा.

गेल्या कार्यक्रमानंतर आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं देते. एका ताईनं विचारलं, पाळी चालू असली तर तपासणी होते का? नाही, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी जा. दुसऱ्या आजींनी विचारलं, माझी पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, मला कशाला? आजी, तुम्हीही जा. या वयात ती जागा आत सरकलेली असते म्हणून डॉक्टर कदाचित व्हायाऐवजी दुसरी तपासणी सांगतील, पण बघून घ्यायला हवं. येताना सुनेला सोबत आणा.

त्या वस्तीवरच्या बाईचं राहिलंच. गटाचं कर्ज तिनं दीड वर्षात फेडलं. आता तिथल्या बायांना तपासणीला घेऊन जायचं असलं की तीच पुढं होते. निघताना प्रत्येकीला विचारते, "रिपोर्टाचा कागद कुठं ठेवशील?"

पुढच्या बुधवारी याच वेळेला स्तनांच्या तपासणीबद्दल बोलू. नमस्कार.